जाळी रस्त्यात आणि राग ड्रायव्हरवर

मंडळी, आज सकाळी आमच्या रेवदंड्यात माझ्या दिराच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली ती उशिरा. पुतण्यानं ड्रायव्हरची कॉलरच धरली. "बाप मरतोय माझा! कुठं झोपला होतास?"

ड्रायव्हर म्हणाला, "दादा, रस्त्यात मासे पकडायची जाळी सुकत घातलीत कोणीतरी. ती बाजूला करत आलो."

मी पुतण्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, ती तुझीच जाळी! सोड त्याला, बापाला उचल."

त्यानं कॉलर सोडली, बापाला उचललं.

दीर आता दवाखान्यात बरे हायत, नर्सकडं चहा मागतायत. पुतण्या जाळी गोळा करतोय.

पोलिसांना, ॲम्ब्युलन्सवाल्यांना होणारी मारहाण थांबेल का? थांबेल की! ज्याचा हात उठतो, त्याच्या घरात धपाटा घालणारं कोणीतरी पाहिजे. तुमच्याकडं कोण हाय?