नारिंगी बाटलीची पाळी

माझ्या भाचीला ताप आला तेव्हा घरात चार मोठी माणसं होती, आणि दुर्दैवाने चौघांनाही तापातलं कळत होतं.

ताईला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी भंडाऱ्याला जायचं होतं. म्हणून पाच वर्षांच्या पिहूला ती आंधळगावला, आमच्याकडे सोडून निघाली. पोरगी आदल्या दिवशीपासून कणकणत होती. डॉक्टरांनी दिलेली गुलाबी औषधाची बाटली ताईने माझ्या हातात ठेवली आणि दारातच मला बजावलं, "हे पाय, ताप चढला तरच द्याचं. टोपणाच्या या रेघेपर्यंत. मंग सहा घंटे पुन्हा द्याचं नाई. काही वाटलं तं डॉक्टरले फोन करजो. तुह्या मनानं काही करजो नोको!"

"तू जाय ना बिनधास्त. मी आहो ना!" मी म्हणालो. (नेमकं हेच ऐकून तिचा पाय निघत नव्हता, असं तिने नंतर सांगितलं.)

आता भाची म्हणजे काय चीज असते, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तिच्यावर ओरडायचं नाही, तिच्या हातातलं हिसकायचं नाही. पिहूला हे अधिकार चालता यायच्या आधीपासून पाठ आहेत. सकाळी उठली की ती पाय पुढे करते. मी वाकलो की दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवून "सुखी राय!" म्हणते आणि मग दूध मागते.

ताई गेली आणि पिहूचा ताप चढला. आईने रेघ पाहून गुलाबी औषध पाजलं. इथवर सगळं ठीक होतं. पण तेवढ्यात मला मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ आठवला! (माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येईपर्यंत व्हिडिओ पाहून मी डॉक्टर, वकील आणि एकदा तर वैमानिकही झालेलो आहे.) त्यात सांगितलं होतं की तापाची दोन वेगवेगळी औषधं आलटूनपालटून देता येतात. पुढचं ऐकायचं राहिलं, कारण नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं.

मी कपाट उचकलं, तर नारिंगी बाटली सापडली! मागे पिहू राहायला आली होती तेव्हा मेडिकलमधून आणून ठेवलेली, सील न फोडलेली. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणजे औषध वेगळं! मी ओसरीवर येऊन योजना जाहीर केली.

"म्हंजे पाण्याच्या पाळीवानी!" बाबा एकदम सरसावून बसले. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, हे गावात कित्येक वर्षं बाबाच ठरवायचे. ते काम सुटल्यापासून त्यांना घरात दुसरं काही ठरवायला मिळालं नव्हतं. "गुलाबी तुह्या मायची, नारिंगी माही. एकाची पाळी झाली का दुसऱ्याची!"

"पन ताई तं म्हने, सहा घंटे..." आई पुटपुटली.

"ते गुलाबीचे सहा घंटे व माय!" मी म्हणालो. "नारिंगीले त्याचं काय?"

काय ते तर्कशास्त्र! माझ्यावर मीच खूश झालो.

दुपारी पिहूचं अंग पुन्हा थोडं गरम लागलं. पण ती बाहुलीला ओरडत होती, वाटीभर पेज प्यायली होती, वर लोणचंही मागत होती. माझी बायको शीला म्हणाली, "पोट्टी खेळून राहिली, पिऊन राहिली. राहू द्या ना जराशी. कायले घाई करता?"

"पाळी आली अन् पाणी नाई घेतलं, तं पाळी जाते!" बाबांनी गावाचा कायदा सांगितला आणि नारिंगी बाटलीचं सील फोडलं.

"मंग त्याच्यामांगं लगेच माही गुलाबी," आई म्हणाली. "तुमचीच पाळी काहून? मी का आजी नोहो?"

"तुही होऊन गेली सकाळीच!"

"ते सकाळचं झालं!"

तलावाच्या पाण्यावरून गावात जे भांडण कधी झालं नाही, ते बाबांच्या घरात औषधावरून पेटलं. तेवढ्यात भाचीबाईंनी फर्मान काढलं, "मी माह्या हातानं पीन!" बाबांनी भरलेलं टोपण तिच्या हातात दिलं. शीलाने बूच लावायला म्हणून नारिंगी बाटली उचलली, बारीक अक्षरं वाचली, मग गुलाबी बाटली उचलली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अहो! दोन्हीवर एकच लिहून आहे! पॅरासिटामॉल! इकडं बी अन् तिकडं बी!"

सकाळी दिलेलं तेच औषध आम्ही वेळेआधी पुन्हा पाजत होतो, आणि मागे आई तिसऱ्यांदा पाजायला उभी होती! टोपण पिहूच्या ओठांपाशी पोचलं होतं.

"पिहू, थांब!" मी ओरडलो. भाचीवर ओरडलो! तिने डोळे वटारले आणि टोपण आणखी घट्ट धरलं. मी हात पुढे केला, तर आई मागून किंचाळली, "भाचीच्या हातचं हिसकू नोको, पाप लागन!"

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी सरळ पिहूच्या पायांवर लोटांगण घातलं.

पिहूने एका क्षणाचाही विचार केला नाही. सवयच ती! दोन्ही हात माझ्या डोक्यावर आले, टोपण पालथं झालं आणि सगळं नारिंगी औषध माझ्या केसांतून मानेवर, मानेवरून बनियनमध्ये गेलं.

"सुखी राय!" भाची म्हणाली.

आणि मी खरोखर इतका सुखी झालो, की तिला खांद्यावर घेऊन अंगणात नाचलो! बाबांनी टाळ्या वाजवल्या. आई रडत रडत हसत होती. मग शीलाने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "सकाळचं औषध बरोबर दिलंत. आता सहा तास होईपर्यंत काही नको. पाणी, पेज पाजत राहा. बाटलीचा रंग पाहू नका, आत औषध कोणतं आहे ते वाचा. दुसरं वेगळं औषध कधी लागलंच, तर मुलीचं वजन पाहून मी सांगेन. पोरगी सुस्त झाली, पाणी पीत नसली, तर लगेच घेऊन या. आणि औषध देणारं माणूस एकच ठेवा." (ते माणूस मी नाही, हे घरात एकमताने ठरलं.)

संध्याकाळी ताई आली तेव्हा पिहूचा ताप उतरला होता आणि ती कोंबडीच्या मागे धावत होती. मी छाती काढून पुढे झालो आणि लोटांगणाची सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. मी हुशारीने, धाडसाने पोरीला कसं वाचवलं, हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी खात्री होती.

ताईने आधी पिहूला जवळ घेऊन तिचं कपाळ चाचपलं. मग माझ्या चिकट केसांतून फिरणाऱ्या मुंग्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"बरं झालं रे भाऊ," ती म्हणाली. "जिथं बिमारी होती, तिथंच औषध पडलं."