सेतुभावजींचं प्रस्थान

सेतुभावजी स्वतः फारसे कुठे गेले नाहीत, पण आमच्या गल्लीतून बाहेरगावी जाणारं एकही माणूस त्यांना विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. स्नानसंध्या आटोपली की ते ओट्यावर येऊन बसत. मांडीवर पंचांग, कमरेला साखळीचं घड्याळ, शेजारी पितळी पेल्यात कापी, म्हणजे कॉफी. कुणी आलं की आधी "शरी", म्हणजे "बरं", म्हणत त्याला बसवत. "शरी. कुठें जावयाचें? कोण जातो? नक्षत्र कोणतें?" मग डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचा. समोरचा माणूस उकिडवा बसून त्या अंगठ्याकडे बघत राहायचा, जणू न्यायाधीशच निकाल वाचतोय.

ते माझे थोरले दीर. दस्त नोंदणीच्या कचेरीत गोऱ्या सरकारची पंचवीस वर्षं चाकरी करून घरी बसलेले. तंजावरचं राज्य खालसा झालं तेव्हा आमच्या घराण्याचं दरबारातलं काम गेलं आणि माणसं पोटामागे कुंभकोणमला आली. त्यानंतर घरात कुणाच्या हाती कसलीच सत्ता उरली नव्हती. जी काय होती ती सेतुभावजींच्या पंचांगात. मी पुढे मुलाबरोबर पुण्याला येऊन राहिले. इथल्या बायका माझी मराठी ऐकून तोंडाला पदर लावतात, म्हणून लिहिताना मी त्यांच्यासारखं लिहिते. भावजींचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवते. ते बदललं तर भावजी उरत नाहीत.

माझं माहेर नाचियार्कोविलचं. बैलगाडीने दीड-दोन तासांची वाट, पण तेवढ्यासाठीही मला त्यांचा हुकूम लागायचा. राहुकाळ, म्हणजे रोजचा तो अशुभ दीड तास, तर सगळ्या गावालाच ठाऊक. भावजी त्याच्यावर दिशेचा शूल, म्हणजे कोणत्या वारी कोणत्या दिशेला जायचं नाही ते बघत, आणि जन्मराशीपासून चंद्र आठवा असला तर त्या माणसाला सव्वादोन दिवस घराबाहेर पडू देत नसत. एकदा माझ्या भावाचं लग्न तोंडावर आलं तरी मी सासरीच. मी चुलीशी भांडी आपटली. ते ओट्यावरूनच म्हणाले, "घाई कसाला, तुळसा? तुझें प्रस्थान ठेवूं. मग तूं निघालीसच."

प्रस्थान ठेवणं हा त्यांचा हुकमी उपाय. निघायच्या दिवशी वेळ वाईट असेल, तर आधीचा चांगला मुहूर्त गाठून जाणाऱ्याचं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात त्याचं एक वस्त्र, सुपारी, हळकुंड. गाठोडं उंबऱ्याबाहेर गेलं की माणूस निघाला असं धरायचं. मग तो नंतर कधीही गेला तरी चालतं. समोरच्या अय्यर मामींकडे एक खुंटी जवळजवळ आमच्याच मालकीची होती. गाठोडं दिसलं की मामी विचारायच्या, "आज तुमच्यातलं कोण गावाला गेलंय?" आणि ज्याचं गाठोडं तो आमच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेला असायचा. आम्ही हसायचो. भावजी हसत नसत.

त्यांच्या बायकोला मी गोदाक्का म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात गोदाक्का गावाबाहेर चारदोन वेळाच गेली असेल. तिच्या बाबतीत भावजींना एकही दिवस पुरेसा चांगला वाटायचा नाही. इतरांना "शरी, जा" म्हणणारा माणूस तिच्यासाठी तीन-तीन पंचांगं ताडून बघायचा आणि शेवटी "पुढच्या मासीं बघूं" म्हणायचा. त्यांचा तिच्यावर फार जीव होता. आम्हाला ते दिसायचं, आणि तिलाही.

एका मंगळवारी सकाळी गोदाक्का पोट धरून न्हाणीत बसली. दोन दिवस उजव्या कुशीत दुखत होतं, तिने सांगितलं नव्हतं. गावातले डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन भावजींना म्हणाले की आत सूज आहे, कापावं लागेल, त्रिचनापल्लीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि उद्याच्या उद्या न्या. माझे यजमान म्हणाले, "अण्णा, उद्यां सकाळच्या रेल्वेनें जाऊं."

गोदाक्काची धाकटी बहीण दवाखान्यात गेली ती परत आलीच नव्हती. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं तरी अक्का खांबाला धरून बसायची. तिला रेल्वेत घालायचं म्हणजे चौघांनी उचलून न्यायला लागणार. मग भावजींनी एक युक्ती काढली. तिरुविडैमरुदूरच्या भातगिरणीच्या मुदलियारांकडे मोटार होती. त्यांचे दस्त भावजींनी वर्षानुवर्षं लिहिले होते, आणि वंडी, म्हणजे गाडी, कधीही मागा, असं ते नेहमी म्हणत. घरातली सगळी माणसं मोटारीत बसून एक दिवस त्रिचनापल्ली बघायला जायची, जाताजाता दवाखाना.

त्या दुपारी भावजींच्या अंगात जो उत्साह आला, तसा मी आधी कधी पाहिला नाही. जुन्या दस्ताच्या पाठीवर त्यांनी मोटारीचं चित्र काढलं. पुढे ड्रायव्हर आणि ते स्वतः. मागे कडेला सासूबाई, कारण त्यांना मळमळतं. मधे गोदा, पलीकडे मी. यजमान घर राखणार. चिंचेचा भात, दहीभात, वरून लिंबाचं लोणचं. तंजावरला राजवाडा बाहेरून दाखवायचा, मग त्रिचनापल्लीचा गड खालून, मग "एका ओळखीच्या डाक्तराकडे अर्धी घटका", मग सासूबाईंसाठी श्रीरंगम, दिवेलागणीला घर. तो कागद त्यांनी अक्काला वाचून दाखवला. अक्का अंथरुणावर उठून बसली. "गड खालूनच कां? वर नाही जायचें?" भावजी म्हणाले, "वर पायऱ्या फार. पुढल्या वेळीं."

मग मला परसात बोलावून म्हणाले, "तुळसा, तुझीं दोन लुगडीं जास्त घे. तुला तिथें तिच्यापाशीं राहावें लागेल. तिला सांगूं नको." दिवेलागणीला परत येणाऱ्यांत ती नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी कागदावर त्यांनी तसंच लिहिलं होतं.

आणि मग पंचांग उघडलं. बुधवार, गुरुवार अक्काचा चंद्र आठवा. शुक्रवारी पश्चिमेला शूल, आणि त्रिचनापल्ली पश्चिमेलाच. शनिवार चांगला, पण राहुकाळ संपल्यावर, म्हणजे साडेदहानंतर. यजमान म्हणाले, "अण्णा, डाक्तर उद्यां म्हणाले." भावजी म्हणाले, "उद्यां कसाला? ती आजच निघते." मंगळवारचा राहुकाळ टळल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने अक्काचं गाठोडं बांधलं आणि समोरच्या खुंटीला नेऊन लावलं. परत येताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू डोक्यावरचं ओझं उतरलं. "झालें. गोदा निघाली. आतां शनिवारीं फक्त शरीर जायचें."

असं कुणी म्हटलं तर आज वेड्यात काढतील. पण आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं, यजमानांनाही. रेल्वेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. भावजींनी घरात फर्मान काढलं की गोदा आता प्रवासात आहे, तिने चुलीला हात लावायचा नाही, तिला पाहुणीसारखं वाढायचं. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या हातावर पाणी घातलं. अक्का ओशाळून हसली. भाताचे चार घास खाऊन तिने पान बाजूला सारलं.

गुरुवारी दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. अक्का भिंत धरत धरत आली आणि दगडावर बसली. तोंड पांढरं पडलं होतं, हाताला हात लावला तर तापलेला. म्हणाली, "तुळसा, आतां सगळें पोट दुखतें. एका बाजूचें राहिलें नाहीं."

मी म्हटलं, "भावजींना सांगते. आत्ताच जाऊ."

"नको. मीच सांगेन वेळ बघून." मग म्हणाली, "दवाखान्यांतच नेताहेत ना? मज ठाऊक आहे. नाहीतर तूं कसाला जास्तीचीं लुगडीं घडी घालशील?" मला रडू आलं. तीच माझी पाठ थोपटायला लागली. "सकाळपासून ते कागद घेऊन बसलेत. कुठें थांबायचें, मला काय दाखवायचें. वीस वर्षांत माझ्यासाठीं एवढें कधीं केलें नव्हतें, तुळसा. होऊं दे त्यांच्या मनासारखें."

मी गप्प बसले. तिने सांगू नको म्हटलं म्हणून, भावजींचा धाक होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर मोटार मलाही हवी होती म्हणून. मी जन्मात मोटारीत बसले नव्हते.

शुक्रवारी सकाळी अक्काचं दुखणं थांबलं. एकदम. ती म्हणाली, "आतां कांही होत नाही." भावजींनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! दुखणें पुढें गेलें. निघाली होती ना ती!" सासूबाईंनी देवापाशी साखर ठेवली. फार वर्षांनी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की असं दुखणं अचानक थांबतं तेव्हा आतलं फुटलेलं असतं. त्या दिवशी आमच्या घरी मात्र सणासारखी गडबड होती. मी चिंच कोळत होते.

शनिवारी सव्वादहालाच मोटार आली. गल्लीतली पोरं-बायका गोळा झाल्या. अक्का हिरवं लुगडं नेसली होती, मी आणि सासूबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून तिला आणलं आणि मधे बसवलं. हात गार होते, कपाळावर घाम. ड्रायव्हरने विचारलं, निघायचं का. भावजी घड्याळ हातात घेऊन मोटारीबाहेर उभे होते. "अजून पंधरा मिनिटें." मोटारीचं छप्पर तापलं होतं. अक्काचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. मी म्हटलं, झोप लागली असेल. ठीक साडेदहाला भावजी पुढे बसले आणि म्हणाले, "हं. चला. कोणीं मागें पाहूं नका."

निघाल्यावर मागे वळून पाहायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. ते समोर बघत मोठ्याने बोलत होते. "गोदा, हा डावीकडे बाजार. गोदा, आतां दारासुरमचें गोपुर दिसेल, उजवीकडे बघ." माझ्या हातात अक्काचा हात होता. तो कधी ढिला पडला ते मला कळलं नाही. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. गोपुर आलं आणि मागे गेलं. भावजींचा आवाज चालूच होता. शेवटी भाताच्या खाचरांमधून रस्ता सुरू झाला तेव्हा मी म्हटलं, "भावजी, वंडी थांबवा." ते म्हणाले, "तंजावरला थांबायचेंच आहे." मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते वळले.

त्यानंतर भावजींनी पंचांग फेकून दिलं असेल, असं वाटेल. नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओट्यावर होते, आणि पूर्वीपेक्षा कडक झाले होते. कुणाचं मूल तापलेलं असलं तरी शूल बघायचे. लोक बोलत, एवढं होऊनही या माणसाला अक्कल आली नाही. यजमानांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मी त्यांना जेवायला वाढायचे, पण मनातून त्यांचा राग राग करायचे. घरात त्यांच्याशी दोन शब्द बोलणारं कुणी राहिलं नाही. अशी नऊ-दहा वर्षं गेली.

शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मीच करत होते. एका दुपारी पेज भरवताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुळसा, त्या गुरुवारीं ती परसांत तुझ्यापाशीं बसली होती. मीं ओसरीवरून पाहिलें. तुला कांही म्हणाली?"

मरायला टेकलेल्या माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, "नाही, भावजी. अक्का उन्हाला बसली होती."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मज म्हणाली होती. त्याच सांजेला. म्हणाली, सगळें पोट दुखतें, आपण उद्यांच जाऊं, पायां पडतें. मीं म्हटलें, गोदा, तूं निघालीच आहेस. दोन दिवस सोस." त्यांनी माझं मनगट सोडलं. "ती गेल्यावर तें पंचांग मीं खोटें म्हणून खालीं ठेवलें असतें, तर मग तिला कसाला थांबवली? म्हणून ठेववलें नाहीं. तुला कळतें कां?"

मला कळत होतं. आणि त्याच वेळी म्हणायला हवं होतं की भावजी, मी खोटं बोलले, मलाही तिने तेच सांगितलं होतं आणि मीही गप्प बसले. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात पेजेची वाटी होती. मी म्हटलं, "आता पडा स्वस्थ."

चार दिवसांनी ते गेले. गोदाक्काचं ते बोलणं आपण एकट्यानेच ऐकलं होतं, असं समजून गेले.