प्रेसचा कान

आमच्या वागळे इस्टेटमधल्या शॉपमध्ये बहिरेपणाला बहिरेपणा म्हणत नसत, 'प्रेसचा कान' म्हणत. दिवसभर पत्र्यावर पॉवर प्रेस आदळायचे. दहा-बारा वर्षांत प्रत्येकाला कमी ऐकू यायला लागायचं आणि नोकरीत पर्मनंट झाल्यासारखी आम्ही त्याची ऐट मिरवायचो. मी सुपरवायझर. कानात घालायचे बोळे कामगारांना वाटायचो आणि स्वतः घालायचो नाही. एवढी माझी अक्कल.

माझा डावा कान गेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. फोन उजवीकडे लावायला लागलो. डोंबिवलीत घरी बायको डावीकडून हाका मारून दमायची आणि सोयीचं तेवढंच ऐकू येतं म्हणून टोमणे मारायची. कंपनीच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीत कार्डावर 'आवाजामुळे' असं लिहून सही केली. सलग चार वर्षं तेच लिहिलं. मीही खूश, कारण तपासणी लवकर उरकायची.

पुढे चालताना तोल जायला लागला. जिना उतरताना भिंत धरायचो. सोसायटीतले लोक, हा दुपारीच घेऊन आलाय की काय, अशा नजरेने बघायचे. शेवटी मुलाने ठाण्याला मेंदूच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "प्रेसचा आवाज एकाच कानात शिरायचा का हो?"

शॉपमध्ये आम्ही पंचवीस जण. बाकी सगळ्यांचे दोन्ही कान गेलेले, माझा एकच. हे कुणाला खटकलं नाही. ज्याचा कान, त्यालाही नाही. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

फिल्मवर दिसलेली गाठ कॅन्सरची नव्हती. कानाच्या नसेवर वाढत वाढत मेंदूला टेकली होती. चेहरा हलवणारी नसही तिथूनच जाते. "कान तर गेलाच," सर्जन म्हणाले, "आता चेहरा वाचतो का बघू. गाठ लहान होती तेव्हा आला असतात तर..."

मायक्रोस्कोपखाली नऊ तास ऑपरेशन चाललं. गाठ निघाली. पण चेहऱ्याची नस गाठीवर इतकी पातळ पसरली होती की सोडवता सोडवता तुटली. सर्जननी ते सरळ सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या सहीवर, आणि माझ्यावर. आता डावा डोळा मिटत नाही, झोपताना त्यावर चिकटपट्टी लावतो. चहा ओठांतून शर्टावर गळतो.

परवा माझी दोन वर्षांची नात माझ्यासमोर बसून तोंडाची एकच बाजू वर ओढत होती. सुनेला स्वयंपाकघरातून माझी फक्त पाठ दिसत होती. "बाबा, तिच्यासमोर असं वेडंवाकडं तोंड करू नका ना," ती म्हणाली. "ती लगेच उचलते."

मी नातीकडे बघून हसत होतो.