शेवटचा हात

मोटारींना मेण लावणाऱ्याकडे जेवढे किस्से साठतात, तेवढे न्हाव्याकडेही साठत नसतील. न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो, म्हणून त्याच्यापुढे माणूस जरा जपून बोलतो. आमच्या हातात फडकं! फडकंवाला गाडीत बसलेल्यांना दिसतच नाही. मी परळच्या एका गॅरेजात पाचेक वर्षं बॉनेट घासत उभा होतो आणि लोक काचेआड बसून वाट्टेल ते बोलत होते. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं होतं ते हे दिवस. मित्र म्हणतात, दत्ता, सांग रे तुझे मेणाचे किस्से. सांगतो. पण सगळे हसायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

गॅरेजात आम्ही मोजून चार माणसं. मालक अण्णासाहेब, गिरगावचे, कडक इस्त्रीचा कोट आणि त्याहून कडक जीभ. आबा मिस्त्री, मालवणकडचे, जन्म गाड्या चमकवण्यात गेलेला. कांबळे, वरळीच्या बीडीडी चाळीतला. आणि मी, लालबागचा, गिरणीतली बदलीची नोकरी सुटली म्हणून इथे चिकटलेला.

*

पहिल्याच आठवड्यात मी दिवे लावले.

आमच्या धंद्यात थराला थर म्हणत नाहीत, 'हात' म्हणतात. आधी गाडी धुवायची, मग कटिंगने, म्हणजे खरखरीत लेपाने, घासून जुनाट रंगाची कातडी काढायची, मग पॉलिश, आणि सगळ्यात वर मेण. मेणाचा पहिला हात, दुसरा हात, हौशी गिऱ्हाईक असेल तर तिसरा. हे ऐकून मला वाटलं, यात काय मोठंसं! एका वकिलाची काळी गाडी होती. मी पहिला हात दिला, चांगला लोण्यासारखा जाड, आणि तो ओला असतानाच वर दुसरा चोपडला. गाडी अंगणात उभी केली आणि चहाला गेलो.

आमच्या गल्लीच्या मागे गिरणी. हवेत दिवसभर कापसाची तूस उडायची. चहा पिऊन येतो तो काळ्या गाडीला हातभर पांढरी दाढी!

आबा चष्मा पुसत जवळ आले. म्हणाले, "मेल्या, मेण लावलंस काय गोधडी शिवलीस?"

अण्णासाहेब यायला तासभर होता. मी रडायच्या बेतात. कांबळ्याने बाह्या वर केल्या, टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळं मेण उतरवलं आणि नव्याने पातळ हात दिला. एवढासा, बोटभर मेण अख्ख्या बॉनेटला. "दत्त्या, बोटाने रेघ ओढून बघायची. बोट कोरडं आलं तर पुसायचं, नाही तर थांबायचं. दुसरा हात उद्या. मेणाला घाई चालत नाही." अण्णासाहेब आले तेव्हा गाडी आरशासारखी होती. माझी नोकरी त्या दिवशी कांबळ्याने वाचवली आणि त्याबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही.

*

शेवटच्या हाताची मात्र आमच्याकडे रीत होती. तो फडक्याने द्यायचा नाही, उघड्या तळव्याने द्यायचा. तळव्याच्या उबेने मेण विरघळतं आणि कडेकपारीत जाऊन बसतं. तो हात ज्याचा, तो मिस्त्री. बाकीचे नुसते पॉलिशवाले, आयुष्यभर 'ए, इकडे ये'!

कांबळ्याला मिस्त्री व्हायचं होतं. त्याने ते कधी लपवलं नाही. एकदा म्हणाला, "माझ्या बापाला जन्मभर सगळ्यांनी 'ए' म्हणून हाक मारली, दत्त्या. त्याचं नाव काय ते त्याच्या मुकादमालासुद्धा ठाऊक नव्हतं. मला निदान मिस्त्री म्हणू दे की कुणीतरी!"

आणि हात होताच त्याचा तसा. आबा कोणाची स्तुती करणारे नव्हेत, पण कांबळ्याच्या गाडीवरून बोट फिरवून गप्प बसायचे. आबांचं गप्प बसणं म्हणजे पदक.

*

विलायती मेण मिळेनासं झालं तेव्हाची गोष्ट. बाहेरून माल येणं अवघड झालं होतं. अण्णासाहेबांकडे एकच गोल, पिवळा, इंग्रजी डबा उरला, तोही रिकामा. कांबळ्याने चाळीतल्या खोलीत, शेगडीवर पाण्याचं पातेलं, पातेल्यात डबा, असं करून मधमाशीचं मेण वितळवलं, खाली उतरवून त्यात टर्पेंटाइन घातलं आणि आठ-दहा वेळा बिघडवून शेवटी बेत जमवला. बायको म्हणे आठवडाभर भाकरीला वास येतो म्हणून भांडत होती.

अण्णासाहेबांनी ते मेण इंग्रजी डब्यात भरलं. एक बडे कंपनीवाले आले, आपलेच, मराठी. डबा उघडून त्यांनी वास घेतला, डोळे मिटले. "वा! ही खरी चीज! आपल्या लोकांना हे कधी जमायचं नाही हो, अण्णासाहेब!"

"अगदी खरं बोललात!" अण्णासाहेब म्हणाले.

गिऱ्हाईक आलं की कांबळ्याने मागच्या पडवीत जायचं, असा नियम होता. पडवीतून खोकल्याचा आवाज आला. मला माहीत आहे, तो खोकला नव्हता.

*

मोर्चाचे दिवस आले. मीही जायचो. एका दुपारी दादरला डांबराची बादली आणि ब्रश माझ्या हाती आला आणि समोर एका व्यापाऱ्याची पांढरी गाडी उभी. मी बॉनेटवर ठसठशीत लिहिलं: 'संयूक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं तर तीच गाडी दारात! हसू की रडू कळेना.

कांबळे बॉनेटपुढे उभा राहून वाचत होता. मग अक्षर ओळखून हळूच माझ्याकडे वळला. "दत्त्या, 'यु' ऱ्हस्व असतो रे! आपलं राज्य मागायचं तर निदान नीट लिहून माग!"

डांबर खरवडायचं नसतं, रंग जातो. गोडं तेल लावून मऊ करायचं, टिपून घ्यायचं, मग साबण, कटिंग, मेण. माझंच अक्षर मी दिवसभर पुसत होतो. पण त्या गाडीला आधी मेणाचा हात कधी लागलेलाच नव्हता, त्यामुळे डांबर थेट रंगात उतरलेलं. समोरून काही दिसायचं नाही, पण उन्हात तिरकं पाहिलं की अक्षरं वाचता यायची. मेण लावल्यावर तर आणखी उठून दिसायला लागली! तो व्यापारी पुढे कित्येक महिने चुकीच्या दीर्घासकट आमचा प्रचार करत मुंबईभर फिरला.

अण्णासाहेबांनी यातून काय धडा घ्यावा? प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "मोर्चाचा सीझन आहे साहेब, दोन हात मारून घ्या!" आणि संध्याकाळी मोर्चेवाल्यांच्या सभेत पुढच्या खुर्चीवर बसायचे.

*

मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी परळच्या एका डॉक्टरांची गाडी आली. जखमींना त्यांनी स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं. मागच्या दाराखालची पायरी रक्ताने काळी पडली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांखालीही काळं होतं. "धुऊन ठेवा, संध्याकाळी नेतो," एवढंच बोलले.

आबांनी आम्हा दोघांना दूर केलं आणि गार पाण्याने एकट्यांनी गाडी धुतली. सगळ्या गाडीला मेण दिलं. पायरीवर एक डाग राहिला होता, तेवढी जागा सोडली. "तेवढा ऱ्हवांदे," म्हणाले आणि नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले.

अण्णासाहेब आले, वाकून पाहिलं. "हे काय? उद्या चार लोक पाहतील. आपल्या गॅरेजचं काम असलं असतं?" कांबळ्याला सांगितलं. कांबळे जागचा हलला नाही. मग मला सांगितलं.

मी तो डाग घासून काढला. त्यावर मेणाचे दोन हात दिले. छान चकाकली पायरी. डॉक्टर संध्याकाळी आले, पायरीकडे पाहिलं आणि गाडीत बसले. त्याची लाज मला आजही वाटते. नोकरी जाईल म्हणून केलं, दुसरं काय!

*

त्याच वर्षी कांबळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आला तो मान जरा वर करूनच. महिन्याभरात गिरगावचे एक प्राध्यापक नवी कोरी गाडी घेऊन आले. सभांतून समतेवर बोलायचे, मी स्वतः टाळ्या वाजवलेल्या. कांबळे पडवीत जाण्याआधीच त्यांच्या नजरेस पडला; दीक्षेचं कळल्यावर त्यांना भरतं आलं. "तुम्ही बौद्ध झालात! उत्तम! क्रांती आहे ही!" मग आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "ते शेवटचा हात तळव्याने देतात म्हणे. कोण देणार? मला काही नाही हो, पण उद्या घरी गाडीची पूजा आहे. आमच्या मातोश्री..."

आबा म्हणाले, "साहेब, ही गाडी ज्या गोऱ्याने बनवली तो गाय खायचा. मातोश्रींनी त्याला विचारलं होतं का?"

प्राध्यापक दुसऱ्या गॅरेजात गेले. अण्णासाहेब आबांवर आठ दिवस तडकलेले होते.

*

टर्पेंटाइनने आबांच्या हातांना भेगा पडल्या. त्या भरेनात. काम सोडून जायच्या दिवशी त्यांनी अण्णासाहेबांसमोर, आम्हा दोघांच्या देखत सांगितलं, "माझ्यामागे शेवटचा हात कांबळ्याचा. मिस्त्री तोच. दत्ता चांगला आहे, पण त्याचा तळवा थंड."

खरं होतं. मला रागसुद्धा आला नाही.

अण्णासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "बघू. आत्ता वातावरण गरम आहे. महाराष्ट्र झाल्यावर बघू!"

तेव्हापासून कांबळे सगळी कामं मिस्त्रीची करायचा, शेवटचा हातही तोच द्यायचा, पण गिऱ्हाईक आलं की पडवीत. मी चिडलो की मलाच समजवायचा, "महाराष्ट्र होतोय रे. थांब जरा. मेणाला घाई चालत नाही."

*

आणि झाला की महाराष्ट्र!

परळ-लालबागला नुसती दिवाळी. एका मोठ्या साहेबांची काळी गाडी मिरवणुकीत जायची होती, ती आमच्याकडे आली. कांबळ्याने तिला तीन हात दिले, तीन दिवसांत तीन. शेवटचा हात देताना त्याने शर्ट काढून ठेवला, घाम पडू नये म्हणून मधून मधून कपाळ पुसत होता, आणि तळवा असा फिरवत होता की मी माझं काम सोडून बघत राहिलो. मिरवणुकीच्या सकाळी तो पांढराशुभ्र शर्ट घालून आला. हात मात्र तसेच, नखांत पिवळं मेण, तळव्यांवर काळी झाक. ती जातच नाही.

साहेब स्वतः आले. अण्णासाहेब कांबळ्याला म्हणाले, "मागे हार आलेत, ते घेऊन ये जरा."

साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, टोपी सारखी केली. "वा! कोणाचा हात हा?"

अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे दत्ताराम मिस्त्री. लालबागचे."

तोंड उघडायला मला वेळ होता. चांगला भरपूर वेळ होता. मी खाली बघून हसलो.

साहेबांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि जमलेल्यांना दाखवला. "बघा! एवढी मेहनत करून हात किती स्वच्छ! हा खरा महाराष्ट्राचा कारागीर!"

टाळ्या पडल्या. कांबळे दोन्ही हातांवर हार घेऊन दारात उभा होता. साहेबांनी त्यातला एक उचलला आणि माझ्या गळ्यात घातला.

गाडी गेली. मागून लेझीम गेलं, लोक गेले, अण्णासाहेबही गेले. मी हार काढून खुंटीला लावला. कांबळे खाली बसून फडकी गोळा करत होता. मीही एक फडकं उचललं. शेवटी म्हटलं, "कांबळ्या, चल रे, मिरवणूक बघू."

तो उठून बाजूला झाला आणि मला वाट करून दिली.

"तुम्ही व्हा पुढे, मिस्त्री."