बाबाजी परबाची बिनविरोध निवड

"तुमच्या घरची मतां माका गावतली मां? तोंडार एक नि पेटयेत दुसरा, असा नको." बाबाजी परबानं विचारलं.

"गावतली म्हणजे? घराकडे फोन करूचो तेवढोच उशीर. सरपंचानू, तुम्ही आजच निघा!" शौकत म्हणाला, आणि डाळभाताभोवती बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

रास अल खैमातल्या टाइल्स कारखान्याच्या कॅम्पातलं हे शुक्रवारचं जेवण. बाबाजी परब इथं टाइलींच्या पेट्या उचलायचा, पण खोलीत तो सरपंचच. गावात दोनदा मेंबर, मग सरपंच. नळ आणला, पण पाणी आधी वरच्या वाडीला सोडलं म्हणून त्याच्याच माणसांनी अविश्वास ठराव घालून त्याला खाली ओढला. तेव्हा आखात धरलं. खाज मात्र गेली नव्हती. पंचायतीची निवडणूक लागली की तो तव्यावर उभा असल्यागत नाचायचा, आणि आता ती लागली होती. गावची निम्मी घरं या कॅम्पाच्या पगारावर, म्हणून मत कुणाला ते इथं ठरायचं आणि फोनवरून घरी जायचं.

साल दोन हजार नऊ. दुबईतली बांधकामं थांबली, तशी इथली एक भट्टी थंड पडली. पॅकिंगवर काम करणाऱ्या या खोलीतला एक जण बिनपगारी रजेवर जाणार होता. रजा कसली, परत बोलावणं येईल याची खात्री कुणालाच नव्हती. "आपस में तय करो, यल्ला, जल्दी," म्हणून सुपरवायझर सकाळीच सांगून गेलेला.

बाबाजी बसला, उठला, खाटेखालची बॅग ओढली.

"धनंजय, तुझ्या बापाशीन माझ्या इरोधात सही केल्यान हुती. तेचा काय?"

"बापूस माझ्या आयकण्यात आसा. द्या, बॅग मी भरतंय, काकानू."

बाबाजीचा हात थबकला. देवळाला रंग कुठला यावर चार तट पाडणारं आपलं गाव, आणि इथं एकही नाय म्हणणारा नाही? तो गेला की बाकीच्यांच्या नोकऱ्या वाचत होत्या.

"माका निवडून देतास की हयसून घालवतास रे?"

शौकत भात चिवडत म्हणाला, "तुमकाच हौस, म्हणान बोललंव."

"हौस आसा. अजून आसा." त्यानं फोन लावून बायकोला, ठकुबाईला सांगितलं, "माझो फॉर्म भरू नकात म्हणान सांग वाडीतल्यांका."

"बरा झाला," म्हणून तिनं ठेवूनच दिला.

"मगे जातलो कोण?" धनंजयनं विचारलं.

"घेवा मतदान. माका दुपारची पाळी आसा."

हातमोजे चढवत बाबाजी चालू भट्टीकडं गेला. पट्ट्यावरून पेट्या येतच होत्या. त्यानं पहिली उचलली.