फेटा सरांना, ओटी मला

माझ्या माहेरी, कुंडलला, सत्काराची भारी हौस. कुणी सैन्यातून निवृत्त होऊन घरी आला, कुणाची पोरगी फौजदार झाली, कुणाच्या म्हशीनं प्रदर्शनात नंबर काढला, की फ्लेक्स लागतो, मांडव पडतो, फेट्यांचे गठ्ठे येतात. लहानपणापासून मला त्याची मजाच वाटायची. एका सत्कारानंतर मात्र मी कुठल्याच मांडवात पाऊल ठेवलेलं नाही, आणि ठेवणारही नाही.

मी पशुवैद्यक. पण जनावराला सुई टोचण्यापेक्षा त्या सुईत काय भरायचं ते शोधण्याकडे माझा ओढा, म्हणून साताऱ्याला एका प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा माझ्या सरांची. पीएचडीही मी त्यांच्याच हाताखाली केली होती. सासर इस्लामपूरचं. शनिवारी एसटीनं सासरी आणि सोमवारी सकाळी परत, असा माझा संसार. मी तिथे नेमकं काय करायचे ते सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमची सून साताऱ्याला जनावरांच्या औषधाच्या दुकानात हाय." मी कधी खोडून काढलं नाही. खोडायचं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला मला बंदी होती.

ती बंदी का होती, ते आधी सांगते. लम्पीची साथ आली तेव्हा आमच्या भागात गोठेच्या गोठे गाठींनी भरले. बैलबाजार बंद, शर्यती बंद, दावणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. मोठ्या जनावरांना लस मिळत होती, तीही सगळ्यांना वेळेवर नाही. हाल झाले ते नुकत्याच जन्मलेल्या वासरांचे. वासराला पहिली ताकद मिळते ती आईच्या चिकातून, व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून. आईच्याच अंगात रोगाशी लढायची ताकद नसेल तर चिकात कुठून येणार? वासरं डोळ्यांदेखत जात होती.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी. तात्या सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ऊस, दोन म्हशी आणि एक खिलार गाय एवढं त्यांचं राज्य. साथीत ती गाय आजारी जनावरांच्या मधोमध बांधलेली होती. तिच्या मानेवर चार गाठी उठल्या आणि जिरूनही गेल्या. मी ते ऐकलं आणि रक्त काढायचं सामान घेऊन थेट कुंडल गाठलं.

तात्यांनी गाईचा कासरा स्वतः धरला. म्हणाले, "लय मायाळू हाय ती, दुखवू नगंस. तू मागतीस म्हणून देतो बघ, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात त्या रोगाला धरून ठेवणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडीज, असतात. त्यांतला सगळ्यांत जोरकस निवडायचा, त्याचा आराखडा वाचायचा, तसाच प्रयोगशाळेत तयार करायचा आणि वासराला टोचायचा. सांगायला सोपं आहे. अडचण अशी, की टोचलेला प्रतिपिंड काही दिवसांत अंगातून निघून जातो आणि साथ तर महिनोन्महिने घुटमळत राहते. प्रतिपिंडाला वरच्या बाजूला दोन हात असतात, त्यांनी तो रोगाला पकडतो. खाली शेपूट असतं. पाहुण्याला ठेवून घ्यायचं की वाटेला लावायचं, हे शरीर त्या शेपटावरून ठरवतं. त्या शेपटात काय बदलायचं हे शोधण्यात माझी वर्षं गेली. कित्येक बदल फुकट गेले. शेवटी एक असा लागला, की टोचलेली वासरं मोठी होऊन चांगली पाडं झाली तरी त्यांच्या रक्तात प्रतिपिंड सापडत होता. एकदाच टोचायचं आणि अख्खी साथ निभावून न्यायची. मी मनातल्या मनात त्याला 'चिकाची सुई' म्हणायचे. हे नाव मी फक्त सरांना सांगितलं होतं.

सर तेव्हा म्हणाले होते, "बाळ, हे काम तुझं आहे. जग तुझ्या नावानं ओळखेल." मी त्या वाक्यावर किती दिवस काढले म्हणून सांगू.

त्याच दिवशी त्यांनी मला बंदी घातली. "पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. कुठे भाषण केलंस, कुठे छापलंस, की ते जगजाहीर झालं. जगजाहीर गोष्टीला पेटंट मिळत नसतं. घरीसुद्धा नाही." मी शब्दाची पक्की. परिषदेत निबंध वाचायचं आमंत्रण आलं, ते नाकारलं. नवऱ्याला सांगितलं नाही. तात्यांनाही नाही, हे मला सगळ्यांत जड गेलं. ते फोनवर विचारायचे, "पोरी, आपल्या गाईच्या रगताचं काय झालं?" मी म्हणायचे, "चाललंय तात्या." पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडून दिलं. त्यांना वाटलं असणार, शिकून पोरगी शिष्ट झाली. अर्जाचं काय झालं असं मी सरांना विचारलं की ते म्हणायचे, "होतंय, वकील बघतायत."

आणि मग एके दिवशी माझ्या फोनवर कुंडलचा फ्लेक्स येऊन पडला. मधोमध सर, फोटो माणसाच्या उंचीचा. भोवती दूध डेअरीचे चेअरमन, यात्रा कमिटी, गॉगल लावून कानाला फोन धरलेली तरुण मंडळी. 'लम्पीवरील औषधाचे जनक' यांचा भव्य नागरी सत्कार. खालच्या ओळीत, सोसायटीच्या सचिवांच्या शेजारी, माझा लग्नातला फोटो. त्याखाली 'गावची कन्या'.

मी घाबरले. माझ्या फोटोच्या आकाराशी मला काही देणंघेणं नव्हतं. गावात ही बातमी फुटलीच कशी, याचीच धास्ती. तात्यांना फोन केला तर म्हणाले, "आगं, तुझं सरच आलतं की परवा घरी. गाय बघून गेलं. चांगला माणूस हाय." सरांना विचारलं तर ते हसले. "जाऊया की. गावाचं मन मोडू नये." मला वाटलं, सर मोघम चार शब्द बोलतील, आभार मानतील आणि खाली बसतील.

सत्काराच्या दिवशी सकाळी मांडव खच्चून भरला होता. सरांचा फेटा तात्यांनी स्वतः बांधला. गावात तात्यांच्या हातच्या फेट्याला मान आहे, ते सहसा कुणाला बांधत नाहीत. शाल झाली, नारळ झाला. मग निवेदकानं माझं नाव पुकारलं आणि चेअरमनच्या सौभाग्यवतींनी माझी ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. फेटा नाही, शाल नाही. मी माहेरवाशीण ना. निवेदक म्हणाला, "आपल्याच लेकीचा काय सत्कार करायचा मंडळी, ती तर घरचीच हाय." सगळे कौतुकानं हसले. मीही हसले. तोवर मला खरंच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सर बोलायला उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही म्हणता काही राखलं नाही. प्रतिपिंड कसा निवडला, शेपूट म्हणजे काय, त्यात नेमका कुठे बदल केला, वासरांवर काय दिसलं. गावकऱ्यांना समजावं म्हणून सोपं करून, हातवारे करून सांगितलं. समोर मोबाइल उंच धरून पोरं शूटिंग करत होती. दोन स्थानिक पत्रकार लिहून घेत होते. ज्या गोष्टीसाठी मी तोंडाला कुलूप लावून बसले, ती हा माणूस लाउडस्पीकरवरून वाटतोय. गेलं आता पेटंट, एवढंच डोक्यात. मी त्यांच्या शालीचं टोक ओढलं. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वर म्हणाले, "मी या औषधाला प्रेमानं चिकाची सुई म्हणतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि ही मला मुलीसारखी. हिनं खूप मदत केली."

जेवण तात्यांच्या घरी होतं. पुरणपोळी, कटाची आमटी. काकी वाढत होती. मी सरांच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "सर, तुम्ही तर सगळंच बोललात. आता अर्ज कसा टिकणार?"

त्यांनी पोळीवर तूप ओतून घेतलं. म्हणाले, "अगं, तो केव्हाच दाखल झालाय. म्हणून तर बोललो."

"मग माझी सही?"

"तुझी लागली नाही."

तेवढंच बोलले आणि काकीला म्हणाले, "आमटी झकास झालीय हो." पेटंटच्या अर्जात संशोधक म्हणून ज्याचं नाव असतं, त्याची सही लागतेच. सही लागली नाही याचा अर्थ नाव नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला गप्प बसवलं होतं ते पेटंट वाचवण्यासाठी, हे खरंच होतं. फक्त ते माझं नव्हतं. आणि माझी वर्षानुवर्षांची गप्प राहण्याची सवय इतकी मुरली होती, की त्या पंगतीतसुद्धा मी ओरडले नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं ते मी त्या दिवशी पुरणपोळी खाता खाता शिकले.

पुढे अर्ज प्रसिद्ध झाला तेव्हा मी तो वाचून काढला. संशोधक म्हणून सर आणि त्यांचे मेहुणे. मेहुण्यांनी आयुष्यात कधी गाईच्या अंगावर हात फिरवला असेल तर शपथ. रक्त कुठल्या जनावराचं, तर म्हणे प्रयोगशाळेच्या स्वतःच्या कळपातलं. आमच्या प्रयोगशाळेत कळप कधी नव्हताच. भाड्यानं आणलेली वासरं होती. मी जाब विचारला, तर सर शांतपणे म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलतेस. थोडे दिवस घरी राहा, नवऱ्याकडे लक्ष दे." तेव्हापासून मी घरीच आहे.

सांगलीच्या वकीलबाईंनी धीर दिला. पेटंट मंजूर होण्याआधी कुणालाही हरकत घेता येते, म्हणाल्या. पण पुरावा हवा. माझ्या कामाच्या सगळ्या नोंदी प्रयोगशाळेत अडकलेल्या. उरली ती एकच साक्ष, गाय. तिच्या रक्ताची तपासणी करून दाखवायचं, की हा प्रतिपिंड हिचाच, कुठल्या कळपातला नाही. आणि ते रक्त कुणी काढून नेलं, ते तात्यांनी सांगायचं. एवढं झालं तर सरांचं खोटं उघडं पडेल, आणि माझं नाव अर्जात घ्यावंच लागेल. मला दुसरं काही नको होतं. ते काम माझं आहे, एवढं कुठेतरी लिहिलं जायला हवं होतं.

मी कुंडलला गेले. ओसरीवर बसून तात्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी गाईच्या रक्तापासून पंगतीतल्या बोलण्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, कासरा धरेल.

ते म्हणाले, "ह्ये आमाला आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगायला बंदी होती तात्या."

"व्हय. पर त्येला फेटा मी बांधलाय. माझ्या हातानं. सगळ्या गावाम्होरं. आता मीच उठून म्हणू, त्यो चोर हाय म्हणून? गाव काय म्हणंल? चोराला फेटा बांधला म्हणून पलूसपातुर हसत्याल लोकं."

"आणि माझं काय?"

"तू काय, घरचीच हाईस. तू समजून घिशील."

मी तरीही म्हटलं, निदान गाईचं रक्त तरी काढू द्या. त्यांनी मान हलवली. "गाईला हात लावू नगंस पोरी." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मलाही भांडता आलं असतं. सरांनी जे केलं त्याचा मला संताप आला होता. तात्यांच्या या वाक्यानं मात्र आतून काहीतरी तुटलं. सर परके होते. एका परक्याचा मान राखायला माझ्या माणसानं मला सोडलं, आणि कारण काय, तर मी आपली म्हणून. काकीनं जाताना डब्यात धपाटे दिले. मी ते इस्लामपूरच्या स्टँडवर एका म्हातारीला देऊन टाकले.

हरकत मी दाखल केली आहे, पुराव्याशिवाय. वकीलबाई म्हणतात, बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला कळतो.

परवा तात्यांचा फोन आला. त्या भेटीनंतर पहिल्यांदाच. आवाज घाबरलेला. गाय व्यालीय, खोंड झालाय, आणि शेजारच्या गोठ्यात परत लम्पी शिरलाय. खोंडाच्या पोटाला काहीतरी गाठीसारखं हाताला लागतंय. माझ्या मनात आलं, आता म्हणतील, पोरी, ये.

ते म्हणाले, "त्ये औषध पायजे हुतं गं. पर सरांचा नंबर न्हाई आमच्याकडं. तुझ्याकडं असंल की."

मी नंबर पाठवला.