शांतारामच्या नावावर माझी छाती

सकाळचे साडेदहा. सुरत, उधना. एका हृदय तपासणी केंद्राचा पहिला मजला. मी उघड्या छातीने सरकत्या पट्ट्यावर चालतोय, छातीवर वायरी चिकटवलेल्या, आणि समोरच्या पडद्यावर पेशंटचं नाव : शांताराम, वय छप्पन्न.

शांताराम मी नव्हे. शांताराम बाहेर बाकावर बसून केळं खात होता आणि त्याच्या फायलीवर माझं नाव होतं.

हसू नका. आधी ऐका तरी! उभी हयात बातमीदारीत गेली, मंत्र्यांना घाम फोडला (असं मीच सांगतो), पण त्या एका सकाळी जी शोभा झाली ना, ती सांगताना आजही मान वर होत नाही.

शांताराम माझा शेजारी. आमच्या नंदुरबारकडचाच. सुरतजवळच्या सचिन गावात लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, कारखान्यात जुना कारीगर. तिथे कुठलंसं आरोग्य शिबिर झालं, त्याचा ईसीजी काढला, आणि कागदावर लिहून आलं, हृदयात दोष. शेठने त्याला लूमवरून उतरवलं. ‘उधन्याला जाऊन पट्ट्यावरची तपासणी कर. रिपोर्ट चांगला आला तर काम, नाहीतर गावी जा.’

संध्याकाळी शांताराम आमच्या दारात. ‘भाऊ, माले काहीच व्हत नही. पन काम गयं तं खावानं काय?’

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जा बाबा, तपासून घे. पण मी पत्रकार! मला लगेच वास आला.

‘साटंलोटं आहे, शांताराम! शेठला माणूस काढायचाय. ही केंद्रं हृदय बघतच नाहीत. नाव बघतात आणि रिपोर्ट छापतात.’

‘मंग काय करानं?’

‘अदलाबदल! तू माझ्या नावाने चाल, मी तुझ्या. माझं हृदय घोड्याचं. तुझ्या नावावर रिपोर्ट चांगला आला तर तुझं काम पक्कं. वाईट आला तर चोर रंगेहाथ पकडले!’

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘अहो, परवा तो घोडा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा होता.’

‘तू मध्ये बोलू नकोस.’

असो.

केंद्रात पहिला नंबर शांतारामचा, म्हणजे माझ्या नावाचा. तो बाहेर आला तर कपाळावर घामाचा टिपूस नाही. ‘इतलंच का भाऊ? कारखान्यामा येन्हापेक्षा जास्ती चालस मी.’

मग मी. पट्टा सुरुवातीला गरीब असतो हो! फिरायला निघाल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने त्याचा वेग वाढतो, चढही वाढतो, आणि तो तुमच्याशी वैर धरतो. तरी माझं काम चालूच. टेक्निशियनला विचारलं, ‘रोज... किती रिपोर्ट... छापता?’

डॉक्टरीणबाई गुजराती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला बोलूच दिलं नाही. ‘काका, वात ना करो. छातीमां दुखे छे?’

‘नाही!’

दुखत होतं. पण असं कबूल केलं तर बातमीदार कसला?

तिने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, ‘बंध करो! बंध करो!’

मला झोपवलं, जिभेखाली गोळी ठेवली. बरं वाटल्यावर रिपोर्ट हातात आले. शांतारामच्या नावावर : मोठा दोष, तातडीने अँजिओग्राफी. माझ्या नावावर : सर्व काही उत्तम.

बघा! दोषवाल्याचा रिपोर्ट उत्तम आणि घोड्याचा रिपोर्ट खराब! याहून मोठा पुरावा कुठला? मी तसाच उठलो, शर्टाची बटणं उघडी, आणि बाहेरच्या खोलीत भाषण ठोकलं. ‘लोकहो, ही लूट आहे! इथे नावावर रोग मिळतो!’ रांगेतले दोघे तर उठून चपला घालायला लागले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी छाती पुढे काढून सगळी अदलाबदल जाहीर केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘काका, इस रिपोर्ट के वक्त पट्टे पर कौन चला था?’

‘मैं!’

‘तो ये दिल किसका हुआ?’

मी शर्टाची बटणं लावायला लागलो.

‘मशीन को नाम पढ़ना नहीं आता, काका.’

चपला घालणारे पुन्हा बसले. एक तर चक्क खोकल्याचं निमित्त करून हसला. मग बाई शांतारामकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘और इनको सचमुच तकलीफ होती तो? पट्टे पर कुछ हो जाता तो?’

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. इतकं मोठं डोकं, पण नव्हता आला.

तेवढ्यात शांतारामचा फोन वाजला. शेठ! रिपोर्ट केंद्रातून थेट त्याच्या व्हॉट्सॲपवर गेला होता. उद्यापासून येऊ नकोस. शांतारामने फोन खाली केला आणि बाकावर सरकून मला बसायला जागा केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी फोन हिसकावून घेतला. ‘शेठ, ते हृदय त्याचं नाही, माझं आहे!’

‘तमे कोण?’

‘मी शांताराम. म्हणजे, मी शांताराम नाही. मी त्याच्या नावाने...’

शेठने फोन कापला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी शांतारामचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी त्याच्या खऱ्या नावाने केली, आणि शेठशी स्वतः बोलल्या. त्याचं हृदय ठणठणीत. शिबिरातला कागदही त्यांनी पाहिला. म्हणाल्या, डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट लावल्या होत्या. एवढ्यानेही चांगलं हृदय कागदावर बिघडतं.

शांताराम लूमवर परत गेला. माझ्या हृदयात एक स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी शांताराम मोसंबी घेऊन मला बघायला आला, आणि मला खाटेवर पडल्या पडल्या पुन्हा चेव चढला.

‘कुणाचं होतं रे ते शिबिर? सांग! पहिल्या पानावर सोलून काढतो एकेकाला!’

शांताराम मोसंबी सोलता सोलता थांबला. ‘भाऊ, तुम्हीच तं छापेल शे ना. फोटोसंगे. तुमले शाल भी दियेल व्हती.’

खरंच छापलं होतं. ‘कामगारांच्या हृदयाची काळजी’, मथळा माझाच. अशी शिबिरं मी महिन्याला ढिगाने छापतो. दीप कुणी लावला, हार कुणी घातला, सगळ्यांची नावं होती त्या बातमीत. वायरी कुणी लावल्या, हे विचारायचं सुचलं नव्हतं. शाल घडी करण्यात गुंतलो होतो.

शांतारामबरोबर आणखी चौघांना त्याच शिबिराच्या कागदावरून लूमवरून उतरवलं होतं. ते गावी निघून गेले. त्यांचे ईसीजी पुन्हा कुणी काढले का, म्हणून मी कारखान्याला विचारलंय, शिबिरवाल्यांना विचारलंय. अजून कुणीही उत्तर दिलेलं नाही.